आयत्या वेळचा विषय

माझ्या आत्याला सगळं बेट ‘नटबोल्ट’ म्हणतं, तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं, पण मला पुष्कळ गोष्टींचं वाटत असतं आणि त्याचा कुणाला काडीचा उपयोग होत नाही, तेव्हा ते राहू दे.

बोटीच्या धक्क्याला लागून तिची पत्र्याची शेड. आत शिरलं की आधी ग्रीसचा आणि गंजाचा वास येतो, मग डोळे सरावले की मांडणी दिसते. फ्रिजची दारं आडवी ठोकून केलेल्या फळ्या, वॉशिंग मशीनच्या ड्रमचं स्टूल, आणि भिंतभर डबे, त्यांत लांबीप्रमाणे लावलेले स्क्रू. शाळेची घंटा म्हणजे बोटीच्या पंख्याचं तुटलेलं पातं आहे, ते तिनंच टांगलंय. दवाखान्यातला पंखा, कमिटीच्या हॉलमधला माईक, विहिरीवरचे पंप, यातलं काहीही बंद पडलं की माणसं आधी तिला हाक मारतात आणि मग देवाला.

धंदा मुळात आतोबांचा. आतोबांना काहीही खोलता यायचं आणि काहीही जोडता यायचं नाही. ते यंत्र खोलून जेवायला जात आणि तेवढ्यात आत्या ते जोडून ठेवी. अशी बारा वर्षं गेली. मग एका सकाळी आतोबा एक बेअरिंग आणायला बोटीनं पलीकडे गेले आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसले. बेअरिंग मात्र त्यांनी पुढच्या बोटीनं पाठवून दिलं. आत्या हे सांगताना हसते. “माणूस गेला, वस्तू आली,” म्हणते. “या बेटाची रीतच ती.”

रीत खरीच आहे. आमची बोट आठवड्यातून दोनदा येते, अकराला लागते आणि चारला सुटते. येताना डबे, बाटल्या, सिमेंट, गाद्या, टीव्ही, काय वाट्टेल ते भरून येते. जाताना चार माणसं आणि बाकी सगळी पोकळी. मोकळी बोट लाटांवर फार डोलते, म्हणून खलाशी आमच्याच किनाऱ्यावरची वाळू पोत्यांत भरून तळाशी रचतात. दर फेरीला तीस पोती. पलीकडे पोचलं की ती ओतून टाकायची. हे माझ्या जन्माआधीपासून चाललंय आणि कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. मलाही नाही. एक दिवस आत्या धक्क्यावर चहा पीत बसली होती, ती म्हणाली, “बघ गं, बेट चाललंय बाहेर आणि कचरा राहतोय आत.”

मग ती नुसती बोलून थांबली नाही, हाच तिचा दोष. ट्रकच्या जॅकपासून तिनं एक प्रेस बनवला. रिकामे डबे, सडका पत्रा, सायकलींचे सांगाडे त्यात दाबून चौकोनी गठ्ठे काढायला लागली. प्रत्येक गठ्ठा वाळूच्या पोत्याएवढ्या वजनाचा. वाळूऐवजी हे न्या, पलीकडे भंगारवाले आहेतच, एवढंच तिचं म्हणणं. बोटीचा कप्तान भला माणूस. तो म्हणाला, “मावशी, माझी ना नाही. पण कचरा म्हटला की तिकडचं बंदर कागद मागतं. तुमच्या कमिटीचा ठराव द्या, पुढच्या फेरीपासून नेतो.”

म्हणजे पाहिजे होता एक ठराव, एका ओळीचा. त्यासाठी आत्यानं तीन वर्षं आणि नऊ बैठका घातल्या. नऊही बैठकांचं इतिवृत्त माझ्या हातचं आहे, कारण कमिटीची कारकून मीच.

झालं असं की नेमकी त्याच वर्षी बेटावर एक संस्था आली. कचऱ्याचा काहीही ठराव करायचा तर तो आता संस्थेबरोबरच्या बैठकीतच करायचा, असं कमिटीनं ठरवून टाकलं. संस्थेचे एक साहेब होते, गोड बोलणारे. “आम्ही काही ठरवून आलेलो नाही,” ते पहिल्या दिवशी म्हणाले. “तुमचं बेट तुम्हीच रचायचं. आम्ही फक्त शेजारी बसणार.” याला सहरचना म्हणतात, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. त्याखाली लिहिलं, चक्राकार अर्थव्यवस्था.

“चक्र म्हणजे गेलेलं परत यायला हवं ना?” आत्यानं विचारलं. “इथं तर काही जातच नाही.”

“सुंदर,” साहेब म्हणाले आणि वहीत टिपून घेतलं. ते सगळ्यालाच सुंदर म्हणायचे. चहालाही.

त्यांच्याबरोबर एक तरुण बाई यायच्या, त्यांना आम्ही कागदवाल्या बाई म्हणायचो. त्या सगळ्यांना रंगीत चिकट कागद वाटत आणि मनातलं लिहून भिंतीवर लावायला सांगत. खाऱ्या हवेत आमच्या भिंतींना रंग टिकत नाही, कागद काय टिकणार. तासाभरात निम्मे कागद जमिनीवर आलेले असत. आत्या ते गोळा करून शेडवर नेई आणि डब्यांना खिळ्यानं टोचून लावी. अजून तिच्या एका डब्यावर एका बाजूला ‘वीस वर्षांनंतरचं माझं बेट’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पाऊण इंची, गंजके’ असं आहे.

तिनंही तिचा कागद लावला होता. ‘परतीची बोट रिकामी जाते.’ कागदवाल्या बाईंनी तो वाचला, मान डोलावली आणि वाहतुकीच्या ढिगात ठेवला. वाहतूक हा संस्थेचा विषय नव्हता. संस्थेचा विषय कचरा होता. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि मूग गिळून बसले.

खरं सांगायचं तर यात माझा हात याहून मोठा आहे. विषयपत्रिका मी काढते. नियम असा की विषय आठ दिवस आधी लेखी आला पाहिजे, नाहीतर तो शेवटी, ‘आयत्या वेळचे विषय’ या कलमाखाली जातो. पहिल्या खेपेला आत्यानं तोंडी सांगितलं होतं, म्हणून मी तिचा विषय तिथं टाकला. पुढच्या खेपेला मागची विषयपत्रिका समोर ठेवून नवी काढली. कारकून असंच करतात. अकराव्या क्रमांकावर आत्या, प्रत्येक वेळी.

आणि अकरावा क्रमांक यायचा पावणेचारला. स्वागत, ओळख, सुतळीचा गुंडा एकमेकांकडे फेकायचा खेळ, जेवण, कागद, कागदांचे ढीग, ढिगांवर चर्चा. मग आत्या उभी राहायची, घसा साफ करायची, “मी काय म्हणते,” एवढं म्हणायची आणि धक्क्यावर भोंगा वाजायचा.

आमच्याकडे भोंगा झाला की माणूस उठतो. चार वाजले की प्रत्येकाचं बोटीवर काहीतरी असतं. कुणाची औषधांची यादी, कुणाची पलीकडे शिकणाऱ्या मुलीसाठी पिशवी, दुकानदाराची मालाची चिठ्ठी. दोर सोडायला चार हात लागतात. मालाच्या कागदावर शिक्का मारायला मी लागते. शाळासुद्धा चारला सुटते, कारण कुठल्या तरी जमान्यातले मास्तर बोटीनं घरी जायचे. ते मास्तर जाऊन चाळीस वर्षं झाली, शाळा अजून चारलाच सुटते. तर सगळे उठायचे, साहेब बॅग उचलायचे, आणि मी लिहायचे, ‘विषय क्र. ११ : वेळेअभावी चर्चा होऊ शकली नाही.’ आठ वेळा लिहिलं.

दरम्यान बेटानं आपलं स्वप्न रचलं. म्हणजे घाईघाईनं होकार देत गेलं. साडेतीनला साहेब विचारायचे, “हे चालेल ना सगळ्यांना?” आणि चाळीस माणसं घड्याळाकडे बघत म्हणायची, “चालेल, चालेल.” असं एक बाटल्या दळायचं यंत्र आलं. अकरा दिवस चाललं. पट्टा तुटला, तो आत्यानं टायरची पट्टी कापून बसवला. यंत्र पुन्हा चाललं. तर संस्थेचं पत्र आलं, अनधिकृत व्यक्तीनं यंत्राला हात लावू नये, हमी रद्द होईल. आत्यानं पट्टी काढून घेतली. ते यंत्र तेव्हापासून धक्क्यावर ताडपत्रीखाली पडलंय. बेटावरचं सगळ्यात महाग भंगार.

आठव्या बैठकीला साहेबांनी पडद्यावर नव्या कचरा केंद्राचं चित्र दाखवलं. हॉलमधलं प्लगचं भोक सैल आहे, त्यामुळे प्रत्येक बैठकीत आत्याला बोलावून घेत. इतिवृत्तात ते ‘तांत्रिक साहाय्य’ म्हणून येतं. त्या दिवशी प्लग बसेचना. बोटानं दाबून धरला तरच चित्र राहायचं. म्हणून आत्या भिंतीशी उकिडवी बसून प्लग धरून होती आणि मान वळवून पडद्याकडे बघत होती. काचेचं गोल केंद्र, बाहेर झाडं, झाडांखाली हसणारी माणसं. मग नकाशा आला. धक्क्याला लागून जिथं तिची शेड आहे तिथं हिरवा गोल होता आणि त्यावर लिहिलं होतं, ‘सध्या रिकामी जागा’.

तिनं बोट उचललं असतं तर पडदा काळा झाला असता. तिनं उचललं नाही. साहेबांचं बोलणं संपेपर्यंत, चांगली वीस मिनिटं, ती प्लग धरून बसली. मला इतका राग आला की हातातलं पेन कागदात रुतलं. पण तोही चारच्या भोंग्याबरोबर ओसरला, ये रे माझ्या मागल्या.

शेडची जागा कमिटीची, आत्याकडे कागद नाही. पण साहेबांच्या नियमावलीत एक कलम होतं, ते मला सापडलं. शेवटच्या, म्हणजे नवव्या, बैठकीत वीस जणांनी हात वर केले, तर आराखड्यात एक बदल करता येतो. एकच, पण करता येतो. आत्याचा बदल मी लिहून काढला. शेड राहील, तिथं गठ्ठे बांधले जातील आणि वाळूऐवजी ते परतीच्या बोटीनं जातील. मग मी दारोदार फिरले. दुकानदार, मुख्याध्यापक, दवाखान्यातली नर्स, पंपवाला. एकतीस जण म्हणाले, “हो, करू की हात वर. नटबोल्टसाठी एवढं नाही करायचं?” दुकानदार तर म्हणाला, “दोन्ही करतो.”

नवव्या बैठकीच्या दिवशी बोट अकराला लागली आणि पाठोपाठ वारा उठला. जेवणाच्या वेळी कप्तान स्वतः हॉलमध्ये आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “आज सुटत नाही. उद्या सकाळी बघू.” साहेबांचा चेहरा पडला. मला मात्र आनंद मावेना. तीन वर्षांत पहिल्यांदा आज चार वाजणार नव्हते.

आत्या सव्वातीनला उभी राहिली. नखांतलं ग्रीस घासून काढलं होतं, धुतलेले कपडे घातले होते. हातगाडीवर तिनं एक गठ्ठा आणि एक वाळूचं पोतं आणलं होतं. दुकानदाराला बोलावून दोन्ही उचलायला लावलं.

“कुठलं जड?”

“सारखंच आहे की.”

“मग वाळूच का जाते?”

माणसं हसली. मग गप्प झाली. मी त्या गप्प झालेल्या माणसांकडे बघत होते आणि मला वाटलं, कळलं यांना. आत्या काही वक्ता नाही. ती पार आतोबांच्या बेअरिंगपासून सुरू झाली, मग प्रेसवर आली, मग बंदराच्या कागदावर. कुणी जांभई दिली नाही. नर्स पुढे वाकून ऐकत होती. कागदवाल्या बाई लिहीत होत्या, आणि या खेपेला वाहतुकीच्या ढिगात नाही, स्वतःच्या वहीत.

“तर माझं म्हणणं एवढंच,” आत्या म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले.

भोंगा झाला नव्हता. होणारच नव्हता, हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी दुकानदाराची खुर्ची सरकली. तो खिशातली चिठ्ठी चाचपत उठला. त्याच्यामागून पंपवाला, मग नर्स, मग मुख्याध्यापक, मग ओळीच्या ओळी. कुणी घाईत नव्हतं, कुणी रागात नव्हतं. सगळे रोजच्यासारखे दाराकडे निघाले.

मी त्यांना अडवलं असं लिहायला मला आवडलं असतं. मी अडवलं नाही. मीही उठले. शिक्क्याची पेटी काखेत मारून मी त्यांच्याबरोबर धक्क्यापर्यंत गेले.

धक्क्यावर बोट दुहेरी दोरांनी बांधलेली होती. कप्तान डेकवर कपात चहा घेऊन बसला होता. चाळीस माणसं समोर येऊन उभी राहिलेली बघून तो म्हणाला, “काय झालं?”

दुकानदारानं पुढे होऊन त्याला चिठ्ठी दिली. कप्तानानं ती घेतली. वारा एवढा होता की ती धरून ठेवायला त्याला दोन्ही हात लागले.

तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं. “चला परत,” मी म्हणाले. “ती बोलतेय अजून. हात वर करायचेत.”

“आता काय,” दुकानदार म्हणाला, “चार वाजून गेले.”

“मग? बोट कुठं सुटलीय?”

“ऐकलं की आम्ही तिचं,” नर्स म्हणाली. “बरोबरच बोलत होती.”

“पुढच्या बैठकीत घेऊ,” मुख्याध्यापक म्हणाले.

पुढची बैठक नव्हती, हे मी त्यांना सांगितलं. ओरडून सांगितलं. आपण मघाशी का उठलो, हेच त्यांना कळत नव्हतं, आणि म्हणूनच परत जायची लाज वाटत होती. एकदा आलो तर आलो, अशी ती लाज. कुणी दोर तपासायला लागलं, कुणी वाऱ्याबद्दल बोलायला लागलं. माझ्यामागून सात जण आले.

हॉलमध्ये आत्या गठ्ठ्यावर बसली होती. साहेबांनी डोकी मोजली. आत्या आणि मी धरून नऊ. “माझ्या हातात असतं तर,” ते म्हणाले आणि नियमावली पुढे केली. कागदवाल्या बाईंनी हात वर केला. पाहुण्यांचा हात धरत नाहीत, असं साहेबांनी त्यांना हळूच सांगितलं. त्यांनी तो खाली घेतला नाही, बराच वेळ तसाच ठेवला. त्याचा उपयोग काही नव्हता, पण मला ते अजून आठवतं.

आत्यानं मला विचारलं, “बोट सुटली का?”

“नाही.”

“मग?”

मी शिक्क्याची पेटी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. साहेबांना बोट सुटायच्या आत इतिवृत्त हवं होतं. मी ते घाईनं लिहिलं, सही घेतली, पाकीट बंद करून दिलं. बोट सुटली. तळाशी तीस पोती होती.

पंधरा दिवसांनी कमिटीचं पत्र गेलं, शेड रिकामी करावी. पाडायला दोन माणसं पाठवू, असंही त्यात होतं. पत्रावर सही अध्यक्षांची, अक्षर माझं. आत्यानं माणसं नकोत म्हणून सांगितलं. “हातोडा लावू देणार नाही. स्क्रू आहेत ते. फिरवले की निघतात.” सात दिवस ती एकटी शेड उकलत होती, पत्रा पत्रा. ज्यांना ज्यांना गरज होती त्यांना तिनं पत्रे देऊनही टाकले. दुकानदारानं चार नेले, कोंबड्यांच्या खुराड्यासाठी. चांगले आहेत म्हणाला.

शेवटच्या दिवशी मी मदतीला गेले. शेवटचा खांब राहिला होता. ती शिडीवर होती आणि मी खाली डबा धरून उभी होते. ती स्क्रू काढायची, फुंकर मारून बघायची आणि डब्यात टाकायची. गठ्ठे एका बाजूला रचलेले होते, साठ-सत्तर तरी असतील.

“त्या दिवशी इतिवृत्तात काय लिहिलंस गं?” तिनं वरूनच विचारलं. “माझ्या विषयाचं?”

मी काय लिहिलं ते मला माहीत होतं. बोट गेल्यावर संध्याकाळी मी स्थळप्रत काढून वाचली होती. पाकीट तोवर पलीकडे पोचलं होतं. मागचं इतिवृत्त समोर ठेवून मी नवं लिहिलं होतं, आणि हात आपोआप चालला होता.

“वेळेअभावी,” मी म्हणाले. “वेळेअभावी चर्चा होऊ शकली नाही.”

तिचा पाना थांबला. खाली न बघता ती म्हणाली, “त्या दिवशी तर वेळ होता.”

“होता.”

तिनं तो स्क्रू पुरता फिरवून काढला. फुंकर मारली. “सव्वा इंचीचा डबा दे,” म्हणाली. मी दिला. तेवढ्यात धक्क्यावर भोंगा झाला. मी जागची हलले नाही. डबा दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

“जा,” आत्या म्हणाली. “शिक्का मारायचा असेल तुला.”

मी डबा शिडीच्या पायरीवर ठेवला आणि गेले. पोती चढवून झाली होती. मी मोजली, तीस भरली, आणि कागदावर शिक्का मारला.